मदत हवी आहे: धुळ्याहून बोर्डी, दोघांचा तंबू, पौर्णिमेच्या रात्री कुठे लावावा?

पांढरं_सोनं: आम्ही नवरा-बायको डिसेंबरात चार रात्रींसाठी निघतोय. जाताना नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, चारोटी, डहाणू, बोर्डी. येताना सुरत, नवापूर, कोंडाईबारी, साक्री. गाडी हॅचबॅक, तंबू दोन माणसांचा. समुद्रावर चांदणं मिळावं म्हणून पौर्णिमा धरली आहे. वाळूत खुंट्या टिकतात का? गाडी तंबूपर्यंत न्यावी का? आणि बामणोदची वांगी नेऊन तिथेच पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर) भरीत भाजायचं आहे, ते जमेल?

भांगाची_भरती: ताई, तारीख बदलता येत असेल तर बदलाच. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडची भरतीची वेळ ढोबळ कळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी आणि रात्रीही. डहाणूकडे त्याहून उशिरा. थोडक्यात, ऐन झोपेत, मध्यरात्रीच्या आगेमागे पाणी सर्वांत वर येणार. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर आणखी एक-दोन दिवस राहतो. बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला समुद्र दूर जातो आणि भरतीला तेवढाच पसरत आत येतो. दिवसा कोरडी दिसणारी जागा म्हणून फसवी.

शुद्ध अष्टमी ते दशमी धरा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं. अष्टमीला भरती संध्याकाळी, झोपायच्या वेळी ओहोटी लागलेली, आणि चंद्र अंधार पडताच डोक्यावर असून मध्यरात्रीपर्यंत राहतो. नेमकी वेळ त्या दिवसाच्या भरतीच्या तक्त्यात बघाच, आडाख्यावर झोपू नका.

जागा निवडताना किनाऱ्यावर काटक्या, शिंपले, प्लास्टिक यांची सुकलेली ओळ शोधा. एकाहून जास्त ओळी असतील तर सर्वांत वरची खरी. तंबू तिच्याही बराच मागे. त्यापेक्षा सुरूच्या झाडांमागे एखाद्या चिकूच्या वाडीत मालकाला विचारून जागा घेतलेली उत्तम. वारा अडतो, पाणीही मिळतं.

गोणपाट: खुंट्यांचं सांगतो. तंबूसोबतच्या बारीक खुंट्या वाळूत वाऱ्याच्या पहिल्याच झटक्याला निघतात, कारण वाळू त्यांना धरून ठेवत नाही. खताच्या रिकाम्या गोण्या कापून आठ लहान पिशव्या शिवून न्या. प्रत्येकीत चार-पाच किलो वाळू भरायची, तोंड बांधायचं, दोरी मधोमध आवळायची, दीड फूट खड्ड्यात आडवी पुरून वर वाळू दाबायची. जव्हारच्या मुरमासाठी मात्र ८ मिमी सळईच्या फूटभर लांब, वर वाकवलेल्या खुंट्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या.

खालचं ताडपत्रीचं अंथरूण तंबूबाहेर डोकावू देऊ नका. बाहेर राहिलेल्या कडेवर दव साचतं आणि घरंगळत तंबूखाली येतं. थंडी वाजली तरी वरच्या दोन्ही झडपा उघड्या ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ कापडावर थंड होऊन पहाटे अंथरुणावर ठिबकते.

स्टेपनी: गाडी वाळूत नेऊ नका. रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खोल जातं. पुढच्या चाकांची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, गोणपाट सारा आणि हळू क्लच सोडा. डांबरीवर येताच हवा पुन्हा भरायची, म्हणून १२ व्होल्टचा पंप हवाच. कोंडाईबारी घाट दिवसाउजेडी पार करा, त्या रस्त्यावर ट्रकची वर्दळ फार. गुजरातेत दारूबंदी आहे, गाडीत बाटली नको.

कळण्याची_भाकरी: सुरूच्या बनात पऱ्हाट्या पेटवू नका. खाली वाळलेल्या पानांचा थर असतो, ठिणगीही पुरते. वांगी गॅसवर जाळी ठेवून भाजा, आधी तेलाचा हात लावून टोचे मारायचे म्हणजे फुटत नाहीत. पऱ्हाट्यांच्या धुराची चव येणार नाही, पण ती हौस परतीच्या मुक्कामी साक्रीकडे शेतात भागवता येईल. चार रात्रींना गॅसचे २३० ग्रॅमचे दोन डबे बरोबर असू द्या. वाऱ्याचा आडोसा डब्याला गुंडाळून लावायचा नाही, डबा तापतो. आणि शेगडी तंबूत, अगदी चहापुरतीही, पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पांढरं_सोनं: तारीख अष्टमीवर आणली. गोण्या शिवायला घेते. एकच राहिलं: साक्रीकडचं शेत काळ्या जमिनीचं आहे, तिथे गाडी आत घ्यावी का?

गोणपाट: अवकाळीचा अंदाज असेल तर बांधावरच ठेवा. काळी माती भिजली की चाकाला थर चढत जातो आणि चाक जागच्या जागी फिरतं. कोरडी असेल तर बिनधास्त न्या, फक्त भेगा बघून तंबू लावा. भेगेत खुंटी टिकत नाही आणि तिथे विंचूही असतात.