पदव्युत्तर कलाविद्यार्थ्यांचे प्रदर्शन रत्नागिरीत भरवताना

प्रश्न (रत्नागिरी): आम्ही चार पदव्युत्तर कलाविद्यार्थी वेगवेगळ्या महाविद्यालयांतील १८ नवोदित चित्रकारांच्या कलाकृतींचे प्रदर्शन सप्टेंबरमध्ये एका जुन्या कौलारू वाड्यात भरवत आहोत. निवड कशी करावी आणि कागदावरील कामे दमट हवेत कशी जपावीत?

उत्तर (मालवण): हवेपासून सुरुवात करा, कारण आपल्याकडे भाद्रपदातही भिंती ओल धरून असतात. कागद थेट काचेला टेकला की तेथे बुरशी धरते. म्हणून मध्ये माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) ठेवा, फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून बोटभर अंतर सोडा आणि जलरंगांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू देऊ नका. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर असावा. (चतुर्थीच्या आठवड्यात मात्र उद्घाटन ठेवू नका; कोणी फिरकणार नाही.)

उत्तर (सावर्डे): निवडीबाबत माझे मत कठोर आहे. वर्गमित्रांना भिडेखातर होकार दिला जातो, म्हणून पहिली चाळणी नावे झाकूनच करावी. कोचीच्या बिएनालेसोबत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनासोबत, २०१४ पासून विद्यार्थ्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरते. त्याची मांडणी अभ्यासण्यासारखी आहे. पिंगुळीची चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची सिंधुदुर्गातील लोककला) घेणार असाल, तर ती प्रवेशद्वाराची शोभा म्हणून न लावता इतर कामांच्या बरोबरीने मांडावी.

प्रश्नकर्ता: आभार. उद्घाटन अनंत चतुर्दशीनंतर ठेवत आहोत. बुचाचे तुकडे कोठे मिळतील?

उत्तर (मालवण): फ्रेम करणाऱ्याकडेच मागा.