गाऊट, अंगठा आणि रोजची गोळी: आपापले अनुभव लिहा

भुसावळचा मिलिंद
काल माळा आवरत होतो तर अण्णांची जुनी चप्पल सापडली. डाव्या पायाची पुढची पट्टी ब्लेडने कापलेली, अंगठा बाहेर राहावा म्हणून. अण्णा रेल्वेत होते, रात्रपाळी. अंगठा सुजला की जांभळालाल व्हायचा, अंगावर घेतलेली चादर पायाला लागली तरी ओरडायचे. घरात सगळे म्हणायचे अण्णांना वात आहे. मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या, चार दिवसात पाय उतरायचा, की परत ड्युटी. असं कितीतरी वर्षं चाललं. किडनीचं निघालं तेव्हा डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की दुखण्याच्या गोळ्या किती दिवसांपासून घेताय.

मला 41 व्या वर्षी तोच पाय, तोच अंगठा. गाऊट निघालं, म्हणजे रक्तात युरिक ॲसिड वाढून त्याचे खडे सांध्यात साठतात ते. माझं युरिक ॲसिड 8.9. ते खाली आणायची गोळी ॲलोप्युरिनॉल, 100 ने सुरुवात, मग 200, मग 300, दर वेळी रक्त तपासून. 6 च्या खाली ठेवायचं असं डॉक्टर म्हणाले. सात-आठ महिने काहीच झालं नाही म्हणून मी शहाण्याने आपल्या मनाने बंद केली. मे महिन्यात जळगावला लग्न, ऊन तुम्हाला माहितीच आहे, पाणी कमी, वर दोन बिअर, रात्री 2 वाजता उठून बसलो. दुखणं थांबवायची गोळी वेगळी आणि ॲसिड खाली ठेवायची वेगळी, एवढं कळायला मला ती रात्र लागली. परत 100 पासून चढत आता 5.6 आहे. तुमच्याकडे कोणाला आहे का, गोळ्यांचं कसं सांभाळता, लिहा.

तापीकाठ
माझं उलटं झालं, गोळी सुरू केली आणि आठव्या दिवशी अंगठा तर अंगठा घोटापण सुजला, मी म्हटलं ह्या गोळीनेच केलं हे सगळं आणि स्ट्रिप फेकायला निघालो, तर बायकोने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणे ॲसिड उतरायला लागलं की सांध्यात साठलेले खडे विरघळायला लागतात, त्यात सुरुवातीला अटॅक येतात, म्हणून तर सोबत कोल्चिसिन 0.5 दिली होती, घेतली का? नव्हती घेतली. एवढीशी गोळी, मला वाटलं व्हिटॅमिन असेल. मग सहा महिने घेतली मुकाट्याने. आणि अटॅक आला म्हणून ॲलोप्युरिनॉल बंद करायची नाही हेपण सांगितलं, चालू असेल तर चालूच ठेवायची.

चोपड्याचा बंटी
व्हिटॅमिन!! हसून मेलो भो

सुनंदा, फैजपूर
आमच्या सासऱ्यांचं लिहिते, घाईत आहे, कुकर लावलाय. ॲलोप्युरिनॉल सुरू करून तिसरा आठवडा असेल, छातीवर लाल पुरळ, तोंड आलं, ताप. नानांना वाटलं उष्णतेने. घामोळ्याची पावडर लावून बसले होते! दीर मेडिकलला गेले तर त्या माणसाने सरळ सांगितलं, आजपासून ही गोळी देऊ नका आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. वेळेवर नेलं म्हणून निभावलं, कातडी सोलवटते म्हणे असल्यात, जीवावर बेततं. आता ती गोळी आयुष्यात घ्यायची नाही, फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय. सध्या ॲसिडचीच दुसरी गोळी, फेबक्सोस्टॅट 40 आहे, तीपण हृदयाचं काही नाही ना विचारूनच दिली.

तापीकाठ
बापरे ताई. घामोळ्याची पावडर. नाना कसे आहेत आता?

सुनंदा, फैजपूर
ठणठणीत. सकाळीच केळीच्या बागेत जाऊन मजुरांशी भांडून आले.

शिरपूरवाला
मना पाय गंज दुखस भो. कोल्चिसिन दोन-तीन घेतल्या तर लवकर उतरेल का?

औषधवाली अमळनेर
दादा नको. ती गोळी मापातच घ्यायची, जास्त झाली की आधी जुलाब लागतात आणि खूपच झाली तर जीवावर येतं, किडनी कमजोर असली तर आणखीच. डॉक्टरांना फोन करा, तोपर्यंत पाय उशीवर वर ठेवा, बर्फ फडक्यात गुंडाळून लावा.

मी काउंटरवर बसते म्हणून लिहिते. लोक रिकामी कापलेली स्ट्रिप दाखवतात, ताई हीच द्या दहा. नाव अर्धं कापलेलं, पॉवर कापलेली. घसा बसला म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडून क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणतात आणि घरी कोल्चिसिन चालू असते, हे दोन्ही एकत्र म्हणजे कोल्चिसिन अंगात साठते. किडनी बदललेल्या माणसाला ॲझाथायोप्रिन (नवी किडनी अंगाने नाकारू नये म्हणून देतात ती) चालू असेल तर ॲलोप्युरिनॉल सांगितल्याशिवाय घ्यायचीच नाही. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून दाखवायला न्या, नावं आठवत बसू नका. बीपीची लघवी जास्त करणारी गोळी असेल तर तीपण दाखवा, तिच्याने युरिक ॲसिड वाढतं.

जिभाऊ धुळे
हे बीपीचं बरोबर आहे. माझी हायड्रोक्लोरोथायझाइड बदलून लोसार्टन दिली. आधी वर्षभर मी मटण बंद करून बसलो होतो फुकट.

चोपड्याचा बंटी
जिभाऊ मटण चालतं का मग?

जिभाऊ धुळे
थोडं. कलेजी-पाया बंद. बिअर बंद. कोल्ड्रिंकपण बंद सांगितलं, साखरेने वाढतं म्हणे.

वहिनी, पुणे (मूळ यावल)
आमच्याकडे सासूबाईंनी वांगं, टोमॅटो, उडीद सगळं बंद करून टाकलं ह्यांचं. भरीत बंद म्हणजे आमच्या घरात सुतकच. मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं, ते म्हणाले भरीत खाऊ द्या हो, गोळी चुकवू नका. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीलापण हो म्हणाले. नुसत्या पथ्याने ॲसिड फार उतरत नाही म्हणे.

तापीकाठ
बामणोदची वांगी ना? भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाचंच वाण अशी सरकारी नोंद, मिळालंय, त्याच्यावर बंदी म्हणजे देशद्रोह

वहिनी, पुणे (मूळ यावल)
इथे मिळतं ते वांगं भाजलं की नुसतं पाणी सुटतं. तुरीच्या काड्यांवर भाजायचं कुठे, बाल्कनीत?

एरंडोलचा मास्तर
माझं थोडक्यात. एका ठिकाणाहून पुड्या आणायचो, खाल्ल्या की दोन तासात चालायला लागायचो. चमत्कारच. सहा महिन्यात तोंड गोल, शुगर 280. एमडी डॉक्टरांनी पुडी बघितली आणि म्हणाले ह्यात स्टेरॉईड असणार. तेपण एकदम बंद करता येत नाही, हळूहळू उतरवावं लागलं. बाकी मिलिंद, अटॅक चालू असताना रिपोर्ट काढू नको, तेव्हा नॉर्मलपण येतो. माझा 5.8 आला होता आणि पाय भोपळा.

शिरपूरवाला
गेलो होतो दवाखान्यात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, काढायला सांगितलं आधी. ताई बरं झालं विचारलं.

भुसावळचा मिलिंद
किती लिहिलंत सगळ्यांनी. मास्तर, रिपोर्टचं मला माहीतच नव्हतं. मी गोळी सकाळी जेवणाच्या डब्याबरोबर ठेवतो, डबा विसरत नाही. आणि ती चप्पल आईने धुवून परत माळ्यावर ठेवली, टाकू देत नाही.

वहिनी, पुणे (मूळ यावल)
मिलिंद भाऊ पुण्याला कधी येताय? वांगी आणा दोन किलो, हिरव्या पातळ सालीची. मिरच्यापण.