खाजन हीच मोहिमेची भूमी करा

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर खेळायचा भूमिका-खेळ) मध्ये गोव्यावर बेतलेली मोहीम, म्हणजे सलग चालणारी कथा, रचली तरी तिचा नकाशा शेवटी युरोपीय किल्ल्यासारखाच का दिसतो, असा प्रश्न पडतो. कारण आपण आधी भिंती रेखाटतो. आधी पाणी रेखाटा. खाजन म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. ए-३ कागदावर एक इंचाचे चौकोन आखा (एक चौकोन म्हणजे ५ फूट), नदी एका कडेला, मग बांध, आतल्या बाजूला पोंय (पाणी साठणारं तळं) आणि शेतं. बांधात मानस (पाण्याची ये-जा राखणारा दरवाजा) एक चौकोन रुंद ठेवा.

मानशीची दारं बहुतेक जण उलटी काढतात. खरी दारं नदीच्या बाजूला उघडतात: ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं, भरतीला नदीच त्यांना दाबून बंद करते. खटका किंवा चावी दाखवलीत की सगळी गंमत गेली. खेळाडूंनी वेळ साधायला हवी.

त्यासाठी टेबलावर सहा बाजूंचा फासा सहावर ठेवा, खेळातल्या दर तासाला एक आकडा उतरवा. संपला की पाणी फिरलं. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत छोटी विश्रांती किमान एक तासाची असते, म्हणजे प्रत्येक विश्रांतीची किंमत भरतीत मोजली जाते. चिखल 'अवघड भूभाग' धरा: एका चौकोनाला दोन चौकोनांची चाल. बांध फुटला तर खारं पाणी शेतात, पीक गेलं, गाव खेळाडूंच्या टोळीवर उलटला.

चिरे (जांभा दगड) करड्या रंगात नकोत! बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा हात, त्यावर गडद ठिपक्यांची भोकं, पावसाळ्याचं दृश्य असेल तर वरच्या कडेला शेवाळ. आणि राक्षस शोधत बसू नका. गोव्यात मांगेथापणी या विधीला मातीची मगर करून पुजतात, ती रात्री खाजनात चालू लागू दे.