मदत हवी आहे: प्लेगच्या उत्तरात पिसवांचा शोध कुठे मांडावा?

मंडळी, १५ गुणांचा, २५० शब्दांचा प्रश्न: '१८९६-९७ च्या प्लेगमध्ये सरकारी उपाय का फसले?' विद्यार्थ्यांसाठी नमुना उत्तर बांधतोय, आणि गाडी एका जागी अडते.

बहुतेक उत्तरं घरझडती, पुण्याचा प्लेग अधिकारी रँड, त्याला मारणारे चापेकर यांतच संपतात. त्यातही तारखा चुकतात: २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली, मृत्यू ३ जुलैला. पण प्रश्न उपायांचा आहे. जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पसरतो कसा, ते कळलं नव्हतं. म्हणून माणसं, कपडे, घरं यांच्यावर कार्बोलिक ॲसिड ओतलं गेलं. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा सुटल्याच. फ्रेंच डॉक्टर सिमाँने १८९८ मध्ये कराचीत प्लेगच्या उंदराजवळ, जाळीपलीकडे निरोगी उंदीर ठेवला. स्पर्श नाही, तरी तो मेला; म्हणजे रोग पिसवांनी नेला. हा पुरावा मला उत्तराचा कणा वाटतो.

अडचण अशी की शोध १८९८ चा, उपाय १८९७ चे. आधी लिहिला तर 'तेव्हाच माहीत होतं' असा अर्थ निघतो, शेवटी लिहिला तर शेपटासारखा लोंबतो. परीक्षण केलेल्यांनी कृपया सांगावं: कुठे बसवता? आणि जीवाणूशास्त्रज्ञ हाफकिनची प्लेगवरची लस (१० जानेवारी १८९७, आधी स्वतःला टोचलेली) याच प्रश्नात घ्यावी का? माझ्या मते दोन ओळी पुरेत, कारण ती ऐच्छिक होती आणि प्रश्न सक्तीवर फिरतो. पटत नसेल तर कारणासकट खोडून काढा.