ओढ्याच्या कडेनं पाथ ॲरे लावला, पण वळणावर खांबांचं अंतर बिघडतंय

धुऱ्यावरचा ड्राफ्ट्समन

नमस्कार मंडळी. सेलूला एका छोट्या ऑफिसात ऑटोकॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर बसतो. सध्या एका शेताच्या काटेरी तारेच्या कुंपणाचं ड्रॉइंग करायलोय. तीन बाजू सरळ होत्या, त्या झाल्या. चौथ्या बाजूला ओढा, पुढं दुधना नदीला मिळतो, अन् जाताना दोनदा वळतो. ह्या बाजूची लांबी 187 मीटर, खांब दर 3 मीटरला.

आधी रेषाच जुळेनात. मोजणीवाल्यानं दिलेल्या रेषांची टोकं झेडमध्ये, म्हणजे उंचीत वरखाली, कुठं 99.84 तर कुठं 100.12. रेषा जोडायचं पीएडिटचं जॉइन काही केल्या घेईना. प्रॉपर्टीजमध्ये सगळा झेड शून्य केला तेव्हा सगळ्यांची मिळून एक सलग रेषा, पॉलिलाइन झाली. दोन्ही वळणांना मग 20 मीटर त्रिज्येचे आर्क (कंस) बसवले.

त्यावर पाथ ॲरे दिला, म्हणजे एकच खांब ह्या रेषेवर (पाथवर) ओळीनं पुन्हा पुन्हा मांडणारी कमांड; मेथड मेझर (ठरावीक अंतरानं), अंतर 3. सरळ भागात डायमेन्शन बरोबर 3.00 येतंय. पहिल्या वळणावर मात्र दोन खांबांत 3.60 अन् दुसऱ्यावर 2.40. तीनदा पुसून पुन्हा केलं, तेच. त्यात खांबांची वाकडी डोकी ओढ्याकडं पायजेत, ती शेताकडं आलीत. मालक रोज फोन करून एकच विचारतो, "खांब किती आणू?" काय सांगू?

कॅडवाले काका

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. 20 त्रिज्येच्या वळणावर 3 चे 3.60 झाले म्हणजे खांब 24 च्या त्रिज्येवर बसलेत. 2.40 झाले तिथं 16 वर. दोन्हीकडे फरक 4 मीटरचा. अख्खी रांगच पाथपासून 4 मीटर बाजूला सरकलेली आहे. सरळ भागात समांतर सरकलं तरी अंतर तेवढंच राहतं, म्हणून तिथं लक्षात आलं नाही.

खांबाचा ब्लॉक (एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायचं चित्र) पाथच्या टोकावर न ठेवता बाजूला कुठंतरी काढला होता ना? बेस पॉइंट, म्हणजे ब्लॉक ज्या बिंदूनं पाथवर बसवायचा तो, दिला नाही तर ऑटोकॅड पाथचं टोक हाच बेस पॉइंट धरतं, अन् ब्लॉक त्या टोकापासून जितका लांब असेल तितकाच लांब शेवटपर्यंत ठेवतं. कमांडमध्ये बेस पॉइंटचा पर्याय घ्या आणि खांबाच्या बुडाचा मध्य दाखवा.

डोक्यांचं म्हणाल तर ॲरे देण्याआधी मूळ ब्लॉक बुडाभोवती 180 अंशांत फिरवा. खांब रेषेबरोबर वळवणारा अलाइन आयटम्स पर्याय चालू ठेवा, नाहीतर वळणावर सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे राहतील.

पण रांग 4 मीटर सरकलेली डोळ्यांना दिसली कशी नाही?

धुऱ्यावरचा ड्राफ्ट्समन

काका, पायलागू. स्पॉट लेव्हलच्या (जागोजागच्या उंचीच्या) आकड्यांनी स्क्रीन भरली होती म्हणून मोजणीची लेअरच, म्हणजे ड्रॉइंगचा तो थरच बंद करून ठेवलेला. पाथ त्याच लेअरवर. आता चालू केली तर खांब खरंच शेतात उभे. बेस पॉइंट दिला, बरोबर बसले. 63 खांब आले. फक्त शेवटी 1 मीटर उरतोय अन् टोकाला खांब नाही.

जुनं व्हर्जन, जुना माणूस

मेझर 3-3 मीटर मोजत जाणार, 186 वर थांबणार. मेथड डिव्हाइड (समान भाग) करा, आयटम 64 द्या. 63 गाळे, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा पडतील, प्रत्येक 2.97 चा, दोन्ही टोकांना खांब.

आमच्याकडं अजून 2012 च्या आधीचं व्हर्जन आहे, त्यात पाथ ॲरेच नाही. आम्ही डिव्हाइड नावाच्या वेगळ्या कमांडनं ब्लॉक टाकतो. तिचा हिशोब वेगळा, हे ज्याला लागू असेल त्यानं ध्यानात ठेवा. 63 भाग सांगितले की ती 62 च ब्लॉक टाकते, दोन्ही टोकं मोकळी सोडते. एका कंपाउंडच्या यादीत मी असेच दोन खांब कमी लिहिले होते. टेम्पो 40 किलोमीटर पुन्हा गेला, भाडं माझ्या पगारातून.

तारवाला, जिंतूर

मला कॅड येत नाही, पोरगं वाचून दाखवतंय म्हणून लिहितो. ओढ्याच्या कडेवरच खांब दाखवलेत का? काळी माती आहे ना तिकडं? पहिल्या मोठ्या पावसात कड ढासळते अन् खांब तारेला लटकतो. मी असे उपसून पुन्हा लावलेत. कमीत कमी 2 मीटर आत घ्या. अन् वळणावर तार खांबाला आतल्या अंगाला ओढते, तिथं तिरपा टेका पायजेच. सरळ रांगेतबी आम्ही दर पंधराव्या खांबाला दोन्हीकडून टेका देतो.

कॅडवाले काका

तारवाले भाऊ बरोबर बोलले. पॉलिलाइन ऑफसेटनं (समांतर रेष काढायच्या कमांडनं) 2 मीटर आत घ्या आणि ॲरे त्या नव्या रेषेवर द्या. जुना ॲरे नुसता सरकवू नका, वळणावर पुन्हा तेच रडगाणं. आणि नव्या रेषेची लांबी आधी बघा, 187 राहणार नाही.

धुऱ्यावरचा ड्राफ्ट्समन

झालं एकदाचं. ऑफसेटनंतर लांबी 184.60 भरली. 62 गाळे, प्रत्येक 2.98 चा, खांब 63. टेक्यांसाठी त्याच रेषेवर दुसरा ॲरे दिला, मेझर, पंधरा गाळ्यांचं अंतर म्हणजे 44.66. वळणावरचे टेके हातानं टाकले.

एक अजून. खांब मोजायला क्विक सिलेक्ट (एका प्रकारच्या वस्तू एकदम निवडायची सोय) लावलं तर अख्खी रांग एकच वस्तू धरली. फाईलची कॉपी घेऊन त्यात ॲरे एक्सप्लोड केला, म्हणजे सुटा केला, तेव्हा 63 दिसले.

मालकाला फोन केला. म्हणाला, "दोन मीटर आत? म्हणजे तेवढी जमीन ओढ्याला दिली का?" तारवाले मामा, आता त्याला तुम्हीच समजवा.