मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन कुठल्या उपनगरात राहावं?

दोन महिन्यांत नव्या शहरात जातोय. दोघांचीही ऑफिसं मध्यवस्तीत, तिथलं भाडं झेपणारं नाही. दोन उपनगरं हेरलीत. एक जवळचं, पण मध्ये गाडी बदलावी लागते. दुसरं लांब, मात्र गाडी तिथूनच सुटते, म्हणजे बसायला जागा! नकाशा ३५ मिनिटं दाखवतो. दारापासून टेबलापर्यंत धरलं तर तास सहज.

खरी धास्ती पाळणाघराची. गाडी रखडली आणि लेक दप्तर पाठीला लावून एकटीच दाराशी उभी, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. पाळणाघर घराजवळ बघू की ऑफिसजवळ? ऑफिसजवळ म्हणजे तिचीही रोज गर्दीत फरफट. आधी सहा महिने भाड्याने राहून बघावं का? अनुभव असेल तर सांगा.