'योकाई'ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादिका : एका जपानी चित्रकथेत योकाई, ओबाके, युरेई आणि ओनी असे चार शब्द जवळजवळ येतात. इंग्रजीत चौघांनाही एकाच 'मॉन्स्टर'च्या दावणीला बांधलेलं दिसतं. मराठीत भूत, पिशाच, राक्षस, मायावी असे वेगवेगळे शब्द असताना तसं करायला नको. कोणाला काय म्हणावं?

कोशकिडा : सुरुवात सोप्यापासून. युरेई म्हणजे भूत, बिनधास्त लिहा. 'भूत' हा शब्दच 'भू' धातूपासून आलेला, होऊन गेलेलं अशा अर्थाचा. आपली हडळ, मुंजा, समंध ही सगळी कोणीतरी माणूस मेल्यावर झालेली. युरेईही तसंच : पांढरा किमोनो, कपाळावर त्रिकोणी कापड, मोकळे केस आणि पाय नाहीत. पायांशिवायचं भूत चित्रकार मारुयामा ओक्यो (1733–1795) याने रूढ केलं असं सांगतात. आपल्याकडे भुताचे पाय उलटे, तिकडे पायच गायब.

योकाईला मात्र 'भूत' म्हणू नका. काप्पा कोणी मेलेला माणूस नाही. तो नदीत राहणारा, पाठीवर कवच असलेला, काकडीवर जीव टाकणारा प्राणी आहे. 'योकाई' शब्दातली दोन्ही अक्षरं विलक्षण, गूढ, खटकणारं अशाच अर्थाची आहेत. मृत्यूचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. म्हणून या शब्दाखाली प्राणी येतात, जुनी छत्री येते, रात्री ऐकू येणारा नुसता आवाजही येतो.

तिरकी मात्रा : लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ (1875–1962) यांनी फरक असा सांगितला : योकाई ठरावीक जागी भेटतो, समोर येईल त्याला, आणि तिन्हीसांजेला. युरेई ठरावीक माणसाच्या मागे लागतं, रात्री दोन-अडीचच्या सुमारास. भाषांतरात कामाला येणारी कसोटी आहे. अपवाद आहेतच. दंतकथेतली बशा मोजणारी ओकिकू हे पक्कं युरेई, पण तिचा मुक्काम विहिरीत. हिमेजीच्या किल्ल्यात तिच्या नावाची विहीरही दाखवतात.

तिन्हीसांजेसाठीचा जपानी शब्द आहे 'तासोगारे'. मूळ अर्थ, 'कोण तो?' समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही अशी वेळ. इथे 'संध्याकाळ' लिहिलंत तर सगळी हवा निघून जाईल. कातरवेळ लिहा.

अनुवादिका : कातरवेळ घेतलं. मग ओनी म्हणजे राक्षस, बरोबर ना? शिंगं, सुळे, हातात लोखंडी सोटा.

कोशकिडा : चित्रापुरतं बरोबर, पण पुढे अडचण येते. 'राक्षस' हा आपला शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला आधीच पोचलाय, 'रासेत्सु' होऊन. यक्षाचा 'याशा' झाला, असुराचा 'आशुरा', यमाचा 'एन्मा', नरकाचा 'नाराकु'. (काबुकीच्या रंगमंचाखालच्या तळघरालाही नाराकुच म्हणतात, आणि ते शोभतंही.) एकाच कथेत ओनी आणि रासेत्सु दोघे आले की 'राक्षस' कोणाला देणार? त्यामुळे ओनीला ओनीच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'शिंगवाला ओनी' असं एक विशेषण जोडा.

चिनी भाषेतून आडवळणाने भाषांतर करणारे आणखी एका खड्ड्यात पडतात. ओनीसाठीच्या अक्षराचा चिनी अर्थ मेलेल्याचं भूत, जपानी अर्थ शिंगवाला दांडगा. अक्षर एकच, प्राणी दोन.

शिंगं बैलाची आणि कमरेला वाघाचं कातडं का, तर ईशान्य दिशा. जुन्या पद्धतीत दिशांना राशिचक्रातल्या प्राण्यांची नावं होती आणि ईशान्य पडते बैल आणि वाघ यांच्या मधोमध. तिला 'किमोन' म्हणतात, ओनींचं दार. क्योतोच्या ईशान्येला हिएई डोंगरावरचं एन्र्याकु-जी मंदिर त्या दाराचा पहारेकरी मानलं गेलं. आपण ईशान्य कोपऱ्यात देवघर मांडतो, त्यामुळे मराठी वाचक इथे हमखास अडखळेल. एका ओळीची टीप द्याच.

लिंबूटिंबू : म्हणींचं काय? 'ओनीला लोखंडी सोटा' अशी एक म्हण आहे. 'माकडाच्या हाती कोलीत' चालेल?

तिरकी मात्रा : अजिबात नाही, अर्थ उलटा होतो. ती म्हण कौतुकाची आहे : आधीच बलवान, त्यात हत्यार मिळालं. 'दुधात साखर' किंवा 'सोन्याला सुगंध' जवळचं. 'काप्पा नदीत वाहून जातो' याला मात्र आपली तयार म्हण आहे : पट्टीचा पोहणारा बुडतो. 'तेंगू होणं' म्हणजे शेफारणं, कारण तेंगू या योकाईचं नाक लांब आणि वर.

अनुवादिका : उरला ओबाके. आणि मुळात ही मंडळी खेळांत, कार्टूनमध्ये इतकी चपखल कशी बसतात?

कोशकिडा : ओबाके 'बाकेरु' या क्रियापदावरून, रूप पालटणं. डोक्यावर पान ठेवून माणूस होणारा कोल्हा हा नमुनेदार ओबाके. तिथे 'मायावी' बसतं. लहान मुलाच्या तोंडी असेल तर 'बागुलबुवा'.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते भीतीत नाही, मांडणीत आहे. तोरियामा सेकिएन याने 1776 मध्ये योकाईंचा चित्रसंग्रह छापला : बहुतेक पानांवर एक चित्र, शेजारी नाव, मजकूर जेमतेम. म्हणजे पत्त्यांचा जोडच की. त्यात प्रत्येकाची एक खूण, एक खोड आणि एक तोड. काप्पाच्या डोक्यावर पाण्याची बशी असते. त्याला वाकून नमस्कार करा, तोही शिष्टाचाराने वाकतो, पाणी सांडतं, ताकद जाते. खेळ रचणाऱ्याला आणखी काय हवं? मिझुकी शिगेरु (1922–2015) यांनी हीच यादी चित्रकथांतून घरोघरी पोचवली. त्यांच्या साकाइमिनातो गावात योकाईंचे पावणेदोनशेंहून जास्त कांस्यपुतळे रस्त्याकडेला उभे आहेत.

भाषांतरात खूण, खोड, तोड हे त्रिकूट शाबूत राहिलं की नाव परकं असलं तरी वाचक अडत नाही. 'जलराक्षस' लिहिलंत की तिन्ही गेली.

तिरकी मात्रा : नऊ शेपट्यांच्या कोल्हीबद्दल राहिलं. तामामो-नो-माए हिच्या दंतकथेत ही कोल्ही जपानला येण्याआधी चीनमध्ये आणि भारतात, मगधच्या राजपुत्राची राणी बनून, उच्छाद मांडून आलेली असते. ती मेल्यावर जी शिळा झाली म्हणतात, ती नासु इथली शिळा मार्च 2022 मध्ये दुभंगलेली आढळली. मराठीत 'कोल्हा' लिहून तिचं लिंग बदलू नका.

लिंबूटिंबू : 'कप्पा' की 'काप्पा'?

कोशकिडा : काप्पा. नाहीतर वाचक कपाटाचा कप्पा उघडून बसेल.

अनुवादिका : शेवटचं. पकडापकडीच्या खेळात एका मुलाला बाकीचे 'ओनी' म्हणतात. तिथेही ओनीच ठेवू?

तिरकी मात्रा : छे. तिथे 'त्याच्यावर राज्य आलं'. आणि शेजारची आजी त्या पोरांवर 'गाकी' म्हणून ओरडली, तर मूळ अर्थ भुकेला प्रेतात्मा असला तरी लिहायचं 'कार्टी'.